ऑटोफोकसचा पॉइंट कुठे ठेवायचा? नवशिक्या नाशिककरांसाठी पायरी-पायरीने

नवा कॅमेरा घेतला की पहिल्या रविवारी माणूस गंगेवर, म्हणजे गोदाकाठी जातो. घरच्यांना दुतोंड्या मारुतीसमोर उभं करतो, फोटो काढतो आणि कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर सगळं झकास दिसतं. घरी लॅपटॉपवर उघडल्यावर कळतं की मावशींचा चेहरा पुसट आहे आणि पुढच्या पायरीवरचा फुलांचा द्रोण मात्र पाकळी न पाकळी स्पष्ट आलाय. मग कोणी म्हणतं लेन्स बदला, कोणी म्हणतं बॉडी जुनी झाली. बहुतेक वेळा दोष दोघांचाही नसतो. फोकस कुठे करायचा हे कॅमेऱ्याने स्वतःच ठरवलेलं असतं, आणि मावशी कोण हे त्याला ठाऊक नसतं.

हा लेख कॅनन १५००डी, निकॉन डी३५०० किंवा डी५६००, सोनी ए६४०० अशा सुरुवातीच्या कॅमेऱ्यांसाठी आहे. सेकंडहँड घेतलेला असला तरी चालेल. २०२७ च्या सिंहस्थावर डोळा ठेवून ज्यांनी कॅमेरा घेतलाय, त्यांनी तर हे आत्ताच हातात बसवून घ्यावं. पर्वणीच्या गर्दीत मेनू उघडून शोधाशोध करायला उसंत मिळत नाही.

हाताशी काय हवं

- कॅमेरा, पूर्ण चार्ज बॅटरी आणि रिकामं कार्ड
- तुमच्याच मॉडेलच्या मॅन्युअलची पीडीएफ मोबाइलमध्ये (कंपनीच्या साइटवर फुकट मिळते)
- लेन्स पुसायचं मायक्रोफायबर कापड
- भिंतीवर चिकटवायला वर्तमानपत्राचं एक पान
- रंगपंचमीला किंवा पावसात जाणार असाल तर कॅमेऱ्याचं प्लास्टिक कव्हर

ट्रायपॉड असेल तर उत्तम, नसेल तर टेबल आणि दोन जाड पुस्तकं पुरतात.

१. आधी डायल ऑटोवरून काढा

वरच्या डायलवर हिरवा चौकोन किंवा ‘ऑटो’ असेल, तर बहुतेक कॅमेरे पॉइंट (फ्रेममधल्या ज्या छोट्या चौकोनावर फोकस होतो तो) निवडण्याचं काम तुमच्या हातात देतच नाहीत. बटण दाबून दाबून वैतागाल, पॉइंट जागचा हलणार नाही. डायल ‘पी’वर आणा, किंवा कॅननवर ‘एव्ही’ आणि निकॉन-सोनीवर ‘ए’ वर.

मग लेन्सच्या बाजूचा खटका पाहा. तो ‘एमएफ’ किंवा ‘एम’ वर सरकला असेल तर पुढचं सगळं व्यर्थ. बॅगेत घालता-काढताना तो आपोआप सरकतो. निकॉनच्या एएफ-पी किट लेन्सवर (कॅमेऱ्यासोबत मिळते ती) हा खटकाच नसतो, तिथे मॅन्युअल-ऑटोची निवड कॅमेऱ्यातूनच करावी लागते.

तिसरी गोष्ट व्ह्यूफाइंडरशेजारचं (डोळा लावायच्या खिडकीशेजारचं) छोटं चाक. ते तुमच्या डोळ्याच्या नंबराप्रमाणे फिरवायचं असतं. बाहेरच्या दृश्याकडे पाहून फिरवू नका. आतले आकडे आणि चौकोन कुठल्या जागी सगळ्यात टोकदार दिसतात ते पाहा आणि तिथे थांबा. चष्मा लावून फोटो काढणार असाल तर चष्मा लावूनच हे करा.

२. समोरचं हलतंय की थांबलंय, ते सांगा

इथे नवशिक्यांचा हमखास गोंधळ होतो, कारण कॅमेऱ्यात फोकसच्या दोन वेगळ्या सेटिंग आहेत आणि नावं सारखीच वाटतात. पहिली सेटिंग ठरवते की फोकस एकदा करून थांबायचं की करत राहायचं. दुसरी ठरवते की फ्रेममधल्या कुठल्या जागेवर करायचं. दोन्ही स्वतंत्रपणे लावाव्या लागतात.

पहिल्या सेटिंगचे पर्याय असे:

- वन शॉट (कॅनन) किंवा एएफ-एस (निकॉन, सोनी): शटर अर्धं दाबलं की एकदा फोकस होतो आणि तिथेच अडकून राहतो. मूर्ती, इमारत, जेवणाचं ताट, शांत बसलेला माणूस यांसाठी.
- एआय सर्वो (कॅनन, नव्या मिररलेसवर म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर नुसतं ‘सर्वो’) किंवा एएफ-सी: बोट अर्धं दाबलेलं असेपर्यंत फोकस चालू राहतो. पक्षी, ढोलवाला, धावणारं पोर.
- एआय फोकस किंवा एएफ-ए: कोणता वापरायचा ते कॅमेरा ठरवतो. नव्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा हाच लावलेला असतो. माझा सल्ला, हा विसरून जा. वाऱ्यावर फूल जरा डुललं की त्याला वाटतं काहीतरी पळतंय, आणि खरंच काही पळायला लागलं की त्याच्या लक्षात यायला उशीर होतो.

सतत फोकसमध्ये ‘पीप’ असा आवाज सहसा येत नाही. त्यामुळे कॅमेरा बिघडला असं समजू नका. आणखी एक: या मोडमध्ये बरेच कॅमेरे फोकस पुरता लागण्याची वाट न पाहता फोटो काढून मोकळे होतात. म्हणून समोरची वस्तू दिसली की लगेच खटकन दाबू नका. अर्धं दाबून क्षणभर फोकसला सावरू द्या, मग पूर्ण दाबा.

३. एकच पॉइंट निवडा, आणि काही दिवस तोच वापरा

सेटिंग कुठे सापडेल:

कॅनन १५००डी वर मागच्या बाजूला वरती उजव्या कोपऱ्यात पॉइंट निवडायचं बटण आहे. ते दाबा आणि बाणांच्या बटणांनी पॉइंट हलवा. सेट बटण दाबलं की मधला एक पॉइंट आणि सगळे पॉइंट ऑटो, अशी अदलाबदल होते. सगळे नऊ चौकोन एकदम पेटले तर समजा कॅमेरा पुन्हा मनमानीवर गेला.

निकॉन डी३५०० आणि डी५६०० वर ‘आय’ बटणातून एएफ-एरिया मोडमध्ये जा आणि सिंगल पॉइंट घ्या. नंतर शटर अर्धं दाबून सोडा आणि मागच्या गोल बटणाने पॉइंट सरकवा. डी७२०० सारख्या वरच्या निकॉनवर त्या गोल बटणाभोवती एक कुलपाचा खटका असतो. तो ‘एल’ वर असेल तर पॉइंट ढिम्म हलत नाही. सेकंडहँड घेतलेल्यांना हा बराच वेळ छळतो.

सोनीवर ‘एफएन’ दाबून फोकस एरिया, त्यात फ्लेक्सिबल स्पॉट, आकार ‘एम’. टचस्क्रीन असलेल्या मिररलेसवर बोटाने टेकवूनही पॉइंट नेता येतो. पण व्ह्यूफाइंडरला डोळा लावल्यावर नाक स्क्रीनला लागून पॉइंट भलतीकडे पळतो. तसं होत असेल तर टचपॅडचा फक्त उजवा अर्धा भाग चालू ठेवायची सोय मेनूत आहे का ते बघा.

आता कोणता पॉइंट? सुरुवात मधल्यापासून करा. डीएसएलआरमध्ये (१५००डी, डी३५००, डी५६०० असे आरशाचे कॅमेरे) सगळे पॉइंट एका ताकदीचे नसतात. काही फक्त आडव्या रेषा ओळखतात, काही फक्त उभ्या, आणि क्रॉस प्रकारचे दोन्ही. १५००डी मध्ये नऊपैकी आणि डी३५०० मध्ये अकरापैकी मधला एकटाच क्रॉस आहे. डी५६०० मध्ये ३९ पैकी ९ क्रॉस आहेत, तेही मध्यभागीच. त्यामुळे संध्याकाळी उजेड उतरला की कडेचा पॉइंट चाचपडत बसतो आणि मधला चटकन धरतो. मिररलेसमध्ये फोकस थेट सेन्सरवरून होतो, पॉइंट जवळजवळ सगळ्या फ्रेमभर पसरलेले असतात, त्यामुळे हा भेद तितका जाणवत नाही.

पॉइंटला काय दिसतं हे एकदा समजलं की अर्ध्या अडचणी संपतात. त्याला माणूस, देऊळ, झाड काही कळत नाही. त्याला फक्त फरक दिसतो: उजेड आणि सावली यांची सीमा, एका रंगाला लागून दुसरा रंग. सपाट एकरंगी जागेवर त्याला पकडायला काही नसतं.

याची परीक्षा काळाराम मंदिरात घ्या. दुपारी कळसाखालच्या सावलीतल्या काळ्या दगडावर पॉइंट ठेवून शटर अर्धं दाबा. लेन्स घरघरत पुढे जाते, मागे येते, पुन्हा पुढे जाते, आणि व्ह्यूफाइंडरमधला हिरवा ठिपका नुसता लुकलुकतो. आता कॅमेरा न हलवता पॉइंट एक घर बाजूला घ्या, जिथे उन्हाची धार खांबाला कापते. खट्‌कन लागेल. दगड तोच, अंतर तेच, फक्त पॉइंटला कडा मिळाली. पांडवलेण्यांच्या आतल्या अंधारातही हेच: भिंतीच्या पोटावर ठेवू नका, दाराच्या चौकटीची कडा किंवा शिलालेखाची अक्षरं शोधा.

माणसांच्या बाबतीत पॉइंट डोळ्यावर, आणि चेहरा तिरका असेल तर कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर. डोळ्यावर लागतच नसेल तर नथ, कुंकू, चष्म्याची दांडी असं तितक्याच अंतरावरचं काहीतरी घ्या. साडीचे काठ दिसायला मोहक आणि पॉइंटला फार सोपे, पण येवल्याची पैठणी नेसलेल्या बाईंचा पदर खांद्यावरून पुढे आलेला असतो. पॉइंटने काठ धरला की पैठणीचे मोर सुंदर येतात आणि चेहरा मागे राहतो.

आणि एक, व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणाऱ्या चौकोनापेक्षा पॉइंटचं खरं क्षेत्र बऱ्याचदा जरा मोठं असतं. चौकोन डोळ्यावर आणि शेजारून एक काटकी जात असेल तर काटकीवर फोकस जाऊ शकतो.

४. मग पॉइंटचं कुंपण हळूहळू मोठं करा

एका पॉइंटवर हात बसल्याशिवाय ही पायरी घेऊ नका. पॉइंट जितका लहान, तितकं तो समोरच्यावर धरून ठेवायचं काम तुमचं. समोरचा इतका हलतोय की ते काम जमत नाही, तेव्हाच मदत मागायची.

मदतीचे प्रकार साधारण असे. डायनॅमिक (निकॉन) किंवा एक्स्पांड (कॅननचे वरचे कॅमेरे, सोनी): पॉइंट तुम्हीच निवडता, पण समोरचा क्षणभर निसटला तर शेजारचे पॉइंट सांभाळून घेतात. डी५६०० वर ९, २१ आणि ३९ पॉइंटचे पर्याय आहेत. झोन: एक मोठा चौकोन, त्याच्या आत कॅमेरा स्वतः ठरवतो, आणि शक्यतो जवळचं उचलतो. ट्रॅकिंग किंवा निकॉनचं ३डी: एकदा धरलं की फ्रेमभर पाठलाग. आणि ऑटो: सगळं रान मोकळं. १५००डी मध्ये मधले प्रकार नाहीत. तिथे सर्वो आणि ऑटो पॉइंट लावले तर कॅमेरा आधी मधल्या पॉइंटने धरतो आणि मग बाकीच्यांकडे सोपवतो. म्हणून सुरुवातीला पक्षी मध्यावर घ्यायचा.

कुठे काय लावायचं हे नाशिकच्याच जागांवरून सांगतो.

*नांदूरमध्यमेश्वर.* २०२० मध्ये रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) गेलेली ही महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा, आणि फोकस शिकायला याच्यासारखी शाळा नाही. पाण्यात उभा शेकाट्या किंवा चमचा पक्षी दिसला तर एकच पॉइंट, डोक्यावर. पाणवनस्पतींतून जांभळी पाणकोंबडी फिरत असेल तर झोन अजिबात नको, कारण झोन पुढचं गवत पकडतो. ३०० मिमी लेन्स, एफ ५.६ (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा लहान तितकं छिद्र मोठं) आणि पक्षी २० मीटरवर असेल तर स्पष्ट राहणारा पट्टा जेमतेम मीटरभराचा असतो. गवत दोन मीटर पुढे असलं की पक्षी गेला. हाच पक्षी उडून आभाळात आला की गणित उलटं होतं. मागे रिकामं आभाळ, पकडायला दुसरं काही नाही, तिथे मोठा झोन किंवा डायनॅमिकचे जास्त पॉइंट बिनधास्त लावा. शटरचा वेग १/१६०० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा.

हिवाळ्यात निफाडची थंडी काय असते ते सांगायला नको. पहाटे पाण्यावर धुकं असतं तेव्हा कुठलाच मोड नीट चालत नाही, फरकच नसतो. ऊन वर येईपर्यंत चहा घ्या. लेन्सवर दव धरलंय का तेही बघा, पुसट फोटोंचं खापर फोकसवर फुटायच्या आत.

*येवल्याची संक्रांत.* गच्चीवरून पतंग टिपायचे तर झोन किंवा ऑटोसुद्धा चालतं, आभाळाचा फायदा इथेही मिळतो. पण आसारी (मांजाची चक्री) धरलेला माणूस आणि मागे पतंग अशी फ्रेम असेल तर लगेच एका पॉइंटवर या. नाहीतर कॅमेरा सर्वांत पुढची आसारीच धरून बसेल.

*गणपतीची मिरवणूक आणि नाशिक ढोल.* ढोलवाला जागच्या जागी पुढे-मागे झुलतो. सर्वो, डायनॅमिक ९, पॉइंट चेहऱ्यावर, शटर १/५००. टिपरू चेहऱ्यासमोरून जातं तेव्हा फोकस क्षणभर तिकडे उडी मारतो. काही कॅमेऱ्यांत ट्रॅकिंग किती चिवट ठेवायचं याची सेटिंग असते. ती चिवट बाजूला सरकवली की कॅमेरा मधे आलेल्या गोष्टीकडे दुर्लक्ष करतो.

*रंगपंचमीची रहाड.* रहाड म्हणजे रंगाच्या पाण्याचा जमिनीतला हौद. याच्यावर जरा थांबतो, कारण इथे महागडे कॅमेरेही गडबडतात. तिवंधा, शनी चौक, दिल्ली दरवाजा, कुठलीही रहाड घ्या, तिथे माणसं, पाणी आणि भिंती सगळं एकाच रंगात न्हालेलं असतं. निकॉनच्या डीएसएलआरमधलं ३डी ट्रॅकिंग रंगावरून माग काढतं. सगळेच पिवळे झाल्यावर ते कोणाचा माग काढणार? शिवाय कोणी धप्पा (रहाडीत उडी) मारला की पाण्याची भिंत उभी राहते आणि ऑटोफोकस माणूस सोडून थेंबांवर जातो. इथे माग काढण्याचा नाद सोडा. जिथून उडी पडते त्या काठावर एका पॉइंटने फोकस करा, तो तिथेच रोखून ठेवा (सहावी पायरी पाहा), आणि वाट बघा. २४ मिमी, एफ ८ आणि काठ चार मीटरवर असेल तर एपीएस-सी सेन्सरच्या कॅमेऱ्यात (सुरुवातीला सांगितलेल्या सगळ्यांत हाच असतो) सुमारे दोन मीटरपासून पुढचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. शटर १/१०००. उडी मारणारा जरा अलीकडे आला काय, पलीकडे गेला काय, फरक पडत नाही.

५. फोकस करून फ्रेम सरकवणं: केव्हा चालतं, केव्हा नाही

मधल्या पॉइंटने चेहऱ्यावर फोकस करायचा, बोट अर्धं दाबून ठेवायचं आणि कॅमेरा वळवून फ्रेम लावायची, ही जुनी पद्धत. वन शॉटमध्ये, किट लेन्सवर, दोन-तीन मीटरच्या पुढच्या माणसांसाठी ती उत्तम चालते आणि पॉइंट सरकवण्यापेक्षा झटपट होते.

५० मिमी एफ १.८ लेन्स घेतलीत की सावध व्हा. दीड मीटरवरून, पूर्ण उघड्या छिद्रावर, याच सेन्सरवर स्पष्ट राहणारा पट्टा सुमारे ६ सेंटीमीटरचा असतो. कॅमेरा वळवताना तुमचं अंग इंचभर झुकलं तरी डोळ्यावरचा फोकस कानावर जातो. इथे पॉइंटच डोळ्यापर्यंत न्या. किंवा एफ २.८ वर या, पार्श्वभूमी तरीही छान विरघळते.

सर्वोमध्ये ही पद्धत चालतच नाही. फ्रेम सरकवली की कॅमेरा नव्या जागेवर फोकस करतो.

६. फोकस अंगठ्याकडे द्या

कॅमेरा नीट ओळखीचा झाला की हे करून पाहा. शटरकडून फोकसचं काम काढून घ्यायचं आणि मागच्या बटणाला द्यायचं. कॅनन १५००डी वर कस्टम फंक्शनमध्ये शटर आणि एई लॉक बटणाचा पर्याय आहे, त्यातून हे काम चांदणीच्या बटणाकडे जातं. निकॉन डी३५०० वर सेटअप मेनूत बटणांच्या भागात एई-एल/एएफ-एल बटणाला एएफ-ऑन हे काम द्या. वरच्या कॅमेऱ्यांत एएफ-ऑनचं बटण वेगळंच असतं.

हे केल्यावर सर्वो कायम लावून ठेवता येतो. अंगठा दाबून ठेवला की पाठलाग, सोडला की फोकस जिथल्या तिथे. रहाडीसाठी नेमकं हेच हवं: काठावर फोकस, अंगठा सोडा, मग हवे तितके फोटो काढा. पहिले काही दिवस अंगठा विसरतो आणि फोटो पुसट येतात, त्याला इलाज नाही. आणि कॅमेरा दुसऱ्याच्या हातात ‘आमचा एक काढा हो’ म्हणून देताना ही सेटिंग आठवणीने परत फिरवा.

७. चेहरा आणि डोळा ओळखणारे कॅमेरे

मिररलेसवाल्यांनी हे वाचून ‘आम्हाला एवढा खटाटोप कशाला’ म्हणू नये. घरगुती फोटोंना, एकट्या माणसाच्या पोर्ट्रेटला, पळणाऱ्या पोरांना डोळा ओळखणारा फोकस खरंच सुखाचा आहे. तो चालू ठेवाच. अडचण गर्दीत येते. रामकुंडावर संध्याकाळच्या गोदाआरतीला समोर पन्नास चेहरे असतात आणि तुम्हाला हवा असतो दिवट्या हातात घेतलेल्या गुरुजींचा. कॅमेरा जवळचा किंवा मोठा चेहरा धरतो, बहुधा मोबाइल वर करून व्हिडिओ घेणाऱ्या समोरच्या काकांचा. अशा वेळी एरिया ऑटोवरून काढून लहान स्पॉट किंवा छोटा झोन करा. त्या चौकोनातल्या किंवा त्याला लागून असलेल्या चेहऱ्यालाच मग प्राधान्य मिळतं. तरीही उड्या मारत असेल तर चेहरा ओळखणं तेवढ्यापुरतं बंद करा. हे एका बटणावर नेमून ठेवता येत असेल तर ठेवाच.

पक्षी किंवा प्राणी टिपायचे असतील तर ‘माणूस’ बदलून ‘प्राणी’ किंवा ‘पक्षी’ करायचं विसरू नका.

आरतीला जाताना फोकसला मदत करणारा दिवा बंद करा. काही कॅनन कॅमेरे त्यासाठी चक्क फ्लॅशचा लुकलुकाट करतात. आरतीच्या ज्योतीवर थेट पॉइंट ठेवला तर नुसता पांढरा झगमगाट दिसून कॅमेरा गोंधळतो. दिवटीची धातूची कड किंवा गुरुजींच्या उपरण्याचा काठ घ्या. आणि रामकुंडावर स्नान करणाऱ्यांचे, विशेषतः बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत, हे सेटिंगमध्ये येत नसलं तरी सांगून ठेवतो.

८. फोटो का बिघडला ते शोधून काढा

फोटो पाहताना पॉइंट कुठे होता हे बरेच कॅमेरे दाखवतात. काही कॅनन कॅमेऱ्यांवर प्लेबॅक मेनूत एएफ पॉइंट दाखवण्याचा पर्याय आहे, डी७२०० सारख्या वरच्या निकॉनवर प्लेबॅकच्या डिस्प्ले पर्यायांत फोकस पॉइंटवर खूण करा. मग पुसट फोटो मोठा करा आणि तीन गोष्टी तपासा.

फ्रेममध्ये दुसरं काही स्पष्ट आहे का? असेल तर फोकस चुकीच्या जागी गेला, पॉइंटची निवड सुधारा. कुठेच काही स्पष्ट नाही आणि कडांना एकाच दिशेने ओढल्यासारखं दिसतंय? मग हात हलला, शटरचा वेग वाढवा. मागचं स्थिर आणि नेमका माणूसच ओढलेला? तो हलला, त्यालाही शटरच. नवशिक्यांच्या ज्या फोटोंवर ‘फोकस गेला’ असा शिक्का बसतो, त्यातले कितीतरी खरं तर संथ शटरचे बळी असतात. पॉइंट बदलत बसून ते सुधारणार नाहीत.

९. हमखास अडकवणारे सापळे

- डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडर आणि लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर पाहून फोटो काढणं) यांचे पॉइंटचे पर्याय वेगळे असतात. एकीकडे बदललं म्हणून दुसरीकडे बदलत नाही.
- लेन्सला किमान अंतर असतं. कॅननची ५५-२५० एसटीएम ८५ सेंटीमीटरच्या आत फोकस करतच नाही. द्राक्षाच्या घडाला नाक लावून कितीही वेळ उभे राहा.
- काही टेली (लांबचं जवळ आणणाऱ्या) लेन्सवर अंतराची मर्यादा घालणारा खटका असतो. निकॉन २००-५०० वर तो ‘अनंत ते ६ मीटर’ असा ठेवला की लांबचे पक्षी झटकन लागतात, पण जवळच्या फांदीवर खंड्या येऊन बसला की लेन्स ढुंकूनही पाहत नाही.
- एफ ११ लावल्यामुळे ऑटोफोकस मंद होईल ही भीती डीएसएलआरवाल्यांनी सोडावी. फोकस होताना छिद्र पूर्ण उघडंच असतं, ते फोटोच्या क्षणी लहान होतं.
- काल संध्याकाळी पॉइंट वरच्या कोपऱ्यात नेलेला असतो, आज सकाळी तिथेच असतो. कॅमेरा चालू केला की आधी तो मध्यावर आणायची सवय लावा. डी३५०० वर ओके बटण दाबलं की येतो.
- काच किंवा जाळीतून काढताना लेन्स तिला जवळजवळ टेकवा आणि एकच पॉइंट वापरा.

१०. तरीही शंका असेल तर भिंतीवरचं वर्तमानपत्र

पान भिंतीवर सपाट चिकटवा, दिवसाउजेडी, कॅमेरा टेबलावर भिंतीला अगदी समोरासमोर. छिद्र पूर्ण उघडं, वन शॉट, मधला पॉइंट मथळ्यावर. दोन सेकंदांचा टायमर लावून व्ह्यूफाइंडरमधून फोकस केलेले काही फोटो घ्या, प्रत्येक वेळी आधी फोकस मुद्दाम बिघडवून. मग तेवढेच लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस करून घ्या आणि शेजारी-शेजारी लावून पाहा.

दोन्हीकडे अक्षरं सारखीच टोकदार असतील तर तुमचा कॅमेरा ठणठणीत आहे. लाइव्ह व्ह्यूचे फोटो दरवेळी स्पष्ट आणि व्ह्यूफाइंडरचे दरवेळी पुसट येत असतील, तर बॉडी आणि लेन्सची जोडी जुळलेली नाही. कॅनन ८०डी, निकॉन डी७२०० अशा कॅमेऱ्यांत हा फरक मेनूतून दुरुस्त करता येतो. १५००डी, डी३५००, डी५६०० मध्ये ती सोय नाही, दोन्ही वस्तू सर्व्हिस सेंटरला एकत्र द्याव्या लागतात. नुसती लेन्स देऊ नका. जाताना हे फोटो कार्डवर तसेच ठेवा आणि वॉरंटी कार्ड व बिल सोबत घ्या. काउंटरवर ‘फोकस नीट लागत नाही’ एवढंच सांगितलं तर लेन्स पुसून परत मिळण्याची शक्यता जास्त.